वजनाच्या ऑपरेशननंतरची वर्षे : ताट, माप आणि घर

रविवारची वंदना आटोपली की आमच्या वसमतच्या विहारात चहा होतो. परवा एका ताईंनी कप हातात घेतला, पण बिस्किटाचा पुडा पुढे आला तेव्हा मान खाली घातली. शेजारची बाई सहज बोलून गेली, "आता कशाला लाजता? ऑपरेशन करूनबी वजन आलंच की परत." ताई काही बोलल्या नाहीत. कप तसाच खाली ठेवून त्या घरी गेल्या.

दोन दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी सगळं मोकळेपणानं सांगितलं आणि नाव न घालता लिहायची परवानगीही दिली. सात वर्षांपूर्वी त्या पुण्यात राहत होत्या. यजमानांच्या कंपनीच्या विम्यातून त्यांचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं, बायपास प्रकारचं. तेव्हा वजन ११८ किलो होतं. दीड वर्षात ते ७८ वर आलं. साखरेच्या गोळ्या सुटल्या, गुडघे दुखायचे थांबले. मग घर वसमतला आलं. तिसऱ्या वर्षी तपासणीला पुण्याला जाणं बंद झालं, गोळ्याही बंद झाल्या. आज वजन ९३ आहे. केस गळतात, जिना चढताना धाप लागते. आणि घरातलं वाक्य ठरलेलं आहे : "एवढं ऑपरेशन केलं, समदं वाया गेलं."

आमचा आजचा धडा या वाक्यावरच आहे. ते वाया गेलेलं नाही. अर्धं काम डॉक्टरांनी केलं, उरलेलं अर्धं ताटात आणि घरात करायचं असतं. ते कसं करायचं हे मात्र पुष्कळ जणांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

काही वाचक म्हणतील, हे श्रीमंतांचं ऑपरेशन, आपल्या वस्तीत त्याचं काय काम? पूर्वी तसंच होतं. २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं तेव्हा महाराष्ट्रात त्याची पहिल्यांदा घराघरांत चर्चा झाली. २०१७ साली इजिप्तहून पाचशे किलोच्या आसपास वजनाच्या इमान अहमद यांना मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं, तेव्हा तर रोज बातम्या होत्या. आता पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या आपल्या मुलांना, सुनांना, जावयांना विमा असतो आणि त्यातून ही ऑपरेशनं होतात. बातमी ऑपरेशनच्या दिवसाची येते. पाचव्या, सातव्या वर्षी काय होतं याची बातमी येत नाही. आणि ज्यांचं ऑपरेशन झालेलं नाही, पण वजन, साखर, बीपी वाढलेलं आहे, त्यांनाही खालचं बरंचसं लागू पडतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. म्हणजे साधारण दर चार माणसांमागे एक. आपली वस्ती यातून सुटलेली नाही.

ऑपरेशनात काय होतं

दोन प्रकार जास्त केले जातात. पहिल्यात, म्हणजे स्लीव्हमध्ये, जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. दुसऱ्यात, म्हणजे बायपासमध्ये, जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी करतात. तिच्यात सुरुवातीला जेमतेम दोन मोठे चमचे अन्न मावतं. ती पिशवी आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात.

यानं दोन गोष्टी होतात. थोड्यात पोट भरतं, आणि भुकेचे जे निरोप पोटाकडून मेंदूला जातात तेही काही काळ मंदावतात. म्हणून पहिलं वर्ष-दीड वर्ष वजन भराभर उतरतं. या काळात माणसाला वाटतं की सगळं ऑपरेशनच करतंय. पण शरीर हुशार असतं. हळूहळू पिशवी थोडी सैल होते, भूक परत येते, आणि वजन घटल्यामुळे शरीराला लागणारं इंधनही कमी झालेलं असतं. तेव्हापासून ताट सांभाळावं लागतं.

थोडं वजन परत येणं हा गुन्हा नाही

स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा ऑपरेशनच्या रुग्णांचा फार मोठा अभ्यास झाला. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटलं होतं. दहा वर्षांनी पाहिलं तर ही घट २५ टक्क्यांवर आली होती. म्हणजे स्वीडनसारख्या देशातही, नियमित तपासणीत असलेल्या लोकांचंसुद्धा थोडं वजन परत आलं.

आपल्या ताईंचा हिशेब करून पाहू. ११८ किलोची २५ टक्के घट म्हणजे साडेएकोणतीस किलो. सरासरीनं त्या दहा वर्षांनी साडेअठ्ठ्याऐंशी किलोवर असायला हव्या होत्या. आज त्या ९३ वर आहेत. फरक फक्त साडेचार किलोचा आहे. "समदं वाया गेलं" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. आम्ही तो ताईंसमोर मांडला तेव्हा त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या.

लाज वाटली की माणूस वजनकाट्यावर उभं राहत नाही, डॉक्टरकडे जात नाही, आणि चारचौघांत न खाता एकटं, घाईघाईनं खातो. वजन वाढायला याहून सोपा रस्ता नाही.

मग वजन वाढतं कशानं?

ताईंच्या घरी आम्ही तीन दिवस त्यांचं सगळं खाणं वहीत लिहायला सांगितलं. जेवण खरोखर थोडं होतं, दोन्ही वेळा एकेक भाकरी. पण हळदीचा हंगाम होता. त्या हळद निवडायला जात होत्या आणि कामावर दिवसभर चहा चालू असे. आठ कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. हिशेब असा :

१६ चमचे साखर म्हणजे ८० ग्रॅम. त्यातून ३२० कॅलरी. ज्वारीची एक मध्यम भाकरी म्हणजे साधारण १४० कॅलरी. म्हणजे चहाच्या नुसत्या साखरेतून दोन भाकऱ्यांहून जास्त.

शिवाय दुपारी मूठभर फरसाण. पन्नास ग्रॅम फरसाणात अडीचशेच्या वर कॅलरी असतात, म्हणजे आणखी दोन भाकऱ्यांच्या जवळपास. आणि चहात बुडवलेली खारी वेगळीच.

ऑपरेशन झालेल्या माणसाला हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. भाकरी, वरण, अंडं, मटण हे घट्ट अन्न लहान पिशवीत थांबतं, पोट भरल्याचं कळवतं. चहा, सरबत, थंड पेय, खारी, बिस्किट, फरसाण, मऊ भात चट्‌कन खाली सरकतं. पोट रिकामंच राहतं आणि पुन्हा खावंसं वाटतं. ऑपरेशननं ताट लहान केलं, मधल्या वेळचं खाणं मात्र त्याला आवरता येत नाही.

याशिवायही कारणं असतात. थायरॉईड, पाळी जाण्याचा काळ, स्टिरॉइड किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्या, अपुरी झोप, घरातलं दुःख, दारू. कधी कधी ऑपरेशनच्या जोडणीतच बदल झालेला असतो. म्हणून वजन सारखं वाढत असेल तर स्वतःला दोष देण्याआधी डॉक्टरांकडून ही कारणं तपासून घ्यावीत.

पसेनदी राजानं वजन कसं कमी केलं

संयुत्तनिकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. पुष्कळांनी ती वर्षावासात ऐकली असेल. राजा भांडंभर भात खाऊन धापा टाकत भगवंतांच्या भेटीला येतो. भगवंत त्याला रागावत नाहीत, उपासही करायला सांगत नाहीत. जो सजग राहून जेवणाचं माप ओळखतो त्याचा त्रास कमी होतो, त्याचं म्हातारपण सावकाश येतं, अशा अर्थाची एक गाथा ते सांगतात. राजा एका तरुणाला ती गाथा पाठ करायला लावतो आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगतो. हळूहळू राजाचं जेवण एका लहान मापावर येतं आणि शरीर हलकं होतं.

अट्ठकथेत ही गोष्ट थोडी वाढवून सांगितली आहे. राजा शेवटच्या घासावर आला की तो तरुण गाथा म्हणे. राजा तो घास बाजूला ठेवी, आणि पुढच्या वेळी तेवढा भात कमी शिजवला जाई.

आरोग्याच्या नजरेनं या गोष्टीत तीन धडे आहेत. एक, माप एकदम नाही, घासाघासानं कमी केलं. दोन, कमी करायची जागा ताट नव्हे, चूल आहे. शिजलंच कमी तर उरलेलं संपवायचा प्रश्न येत नाही. तीन, राजाला एकट्याला हे जमलं नाही, शेजारी आठवण करून देणारा माणूस लागला. तो टोमणे मारत नव्हता, फक्त आठवण देत होता. आपल्या घरांतही असं एक माणूस हवं.

ताटाचं माप

ऑपरेशनला काही वर्षं झालेल्या बहुतेकांना एका वेळी सगळं मिळून एक ते दीड वाटी अन्न पुरतं. वाटी म्हणजे आपली नेहमीची, साधारण दीडशे मिलिलिटरची. प्रत्येकाचं माप थोडं वेगळं असतं, म्हणून आपल्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारून ते ठरवा. नियम मात्र सगळ्यांना सारखे :

१. ताट लहान घ्या. मोठ्या ताटात थोडं वाढलं की मन खट्टू होतं. नाश्त्याची थाळी पुरे.

२. आधी प्रथिनं, मग भाजी, शेवटी भाकरी. अंडं, वरण, उसळ, मासा, चिकन आधी खा. भाकरी-भातानं आधी पोट भरलं तर कामाच्या अन्नाला जागा उरत नाही.

३. घास लहान, चावणं भरपूर. एका जेवणाला वीस ते तीस मिनिटं द्या. टीव्ही, मोबाईल बंद.

४. जेवताना पाणी नको. जेवणानंतर अर्धा तास थांबून प्या. एरवी दिवसभरात घोटाघोटानं दीड ते दोन लिटर पाणी हवंच. उन्हाळ्यात, रानात काम करताना जास्त.

५. पोट भरलं, छातीखाली जड वाटलं, की थांबा. "एकच घास उरलाय" म्हणून तो संपवू नका.

६. तेलाला माप ठेवा. एका माणसाला दिवसाला तीन लहान चमचे. भांड्यात धार धरून तेल ओतण्याची सवय सोडावी.

७. दिवसातून ठरलेल्या वेळांनाच खा. त्यामधल्या वेळात फक्त पाणी.

वसमतच्या बाजारातून एका दिवसाचं ताट

ऑपरेशन झालेल्या माणसाला दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. ती मिळाली नाहीत तर चरबीऐवजी स्नायू झिजतात, केस गळतात, अशक्तपणा येतो. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात, प्रथिनं विकत घ्यावी लागतात. म्हणून खाली महागडी पावडर न घेता हिशेब मांडला आहे.

सकाळी : बिनसाखरेचा अर्धा कप चहा. थोड्या वेळानं दोन उकडलेली अंडी. (प्रथिनं १२ ग्रॅम)

अकरा वाजता : आणखी एक अंडं. (६)

दुपारी : एक वाटी घट्ट तुरीचं वरण, अर्धी वाटी अंबाडीची, मेथीची किंवा कुठलीही पालेभाजी, अर्धी ज्वारीची भाकरी. (९)

चार वाजता : मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे, नीट चावून. बिनसाखरेचा चहा. (६)

संध्याकाळी : ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून केलेली भाजी, अर्धी भाकरी. (१७)

अकराच्या अंड्याबरोबर : एक वाटी दही. (५)

रात्री : एक कप, २०० मिली दूध, साखरेशिवाय. (६)

बेरीज ६१ ग्रॅम. तेल धरून कॅलरी ११०० ते १२०० च्या आसपास. ज्यांचं अंगमेहनतीचं काम आहे त्यांना जास्त लागेल. अंडं चालत नसेल तर मुगाचं धिरडं आणि दही वाढवा. चिकनचे तीन-चार लहान तुकडे, म्हणजे शिजलेलं ७५ ग्रॅम, घेतलं तर एकट्या त्यातून वीसेक ग्रॅम प्रथिनं मिळतात. त्या दिवशी वरण कमी करा. रस्सा थोडा, वरचा तर्रीचा थर काढून. वाळलेले बोंबील, सुकट यांत प्रथिनं भरपूर, पण मीठही भरपूर. बीपी असेल तर भिजवून, दोन पाण्यानं धुऊन थोडेच घ्या. शेंगदाण्याची चटणी पौष्टिक आहे, पण एक चमचाच. मूठभर शेंगदाण्यात भाकरीहून जास्त कॅलरी असतात. किडनीचा आजार असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

वजन आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तरी चांगलं. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, सकाळी वजन करा. रोज नको. जेवणाइतकंच चालणंही हवं. रोज अर्धा तास भरभर चाला, आणि पाण्यानं भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या हातात घेऊन वर-खाली उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करा. त्यानं स्नायू टिकतात.

सणाच्या आणि लग्नाच्या पंगतीत

१४ एप्रिलचं भोजन, बुद्धपौर्णिमेची खीर, लग्नाची पंगत यांत माणसांपासून दूर पळायचं कारण नाही. घरून एक अंडं किंवा वाटीभर दही खाऊन निघा. खीर घ्यायचीच तर जेवणानंतर दोन चमचे. बायपास झालेल्यांनी उपाशीपोटी गोड खाल्लं तर पाव-अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब असा त्रास होऊ शकतो. काहींना एक ते तीन तासांनी साखर एकदम उतरून थरथर आणि चक्कर येते. असं एकदाही झालं तर डॉक्टरांना सांगा.

घरातल्यांसाठी चार शब्द

आपल्या घरांत "अजून एक घे" हे प्रेमाचं वाक्य आहे, आणि त्याला कारण आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्या-आज्यांनी खडी फोडून, मिलोची लाल ज्वारी खाऊन पोरं जगवली. त्यांच्या लेखी भरलेलं ताट म्हणजे सुख आणि अर्धं ताट म्हणजे दुःख. त्यांना हसू नका. पण त्यांना समजावून सांगा की या लेकीचं पोट आता वेगळं आहे. तिला प्रेमानं वाढायचं तर अंड्याचा अर्धा तुकडा वाढा, भाकरीचा नको. आणि ताटात टाकून देणं आपल्याला कधीच पटत नाही, तर मग सुरुवातीलाच थोडं वाढा.

ताईंच्या घरी आम्ही हेच सांगितलं. त्यांच्या सासूबाईंनी पसेनदीची गोष्ट ऐकली आणि म्हणाल्या, "म्हंजे मला त्या पोराचं काम करायचं व्हय?" त्यांनी पीठ मळताना एक भाकरी कमी करायला सुरुवात केली, साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि फरसाण आणणं बंद केलं, साऱ्या घराचंच. एकट्या ताईंचं बंद केलं असतं तर ती शिक्षा झाली असती. त्या जेवताना शेजारी बसतात आणि फक्त एवढंच विचारतात, "भरलं का गं?"

सहा महिन्यांत ताई ९३ वरून ८७ वर आल्या. काही महिन्यांत काटा हललाच नाही, लग्नसराईत एकदा वरही गेला. त्यांनी वही सोडली नाही.

गोळ्या आणि तपासण्या थांबवायच्या नाहीत

ही आमची सगळ्यांत कळकळीची विनंती आहे. ऑपरेशननंतर अन्नातली जीवनसत्त्वं आणि लोह अंगी लागणं कमी होतं. म्हणून जीवनसत्त्वांची गोळी, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ यांची गरज जन्मभराची असते. वजन परत आलं तरी ती संपत नाही. जाडजूड दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही रक्त कमी असू शकतं. ताईंचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. धाप लागायची ती वजनानं नव्हे, रक्त कमी झाल्यानं.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. वर्षातून एकदा रक्त, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर आणि थायरॉईड तपासा. पुण्या-मुंबईला जाणं जमत नसेल तर ऑपरेशनचे कागद घेऊन गावातल्या सरकारी दवाखान्यात दाखवा. तिथं सोय नसेल तर नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. ऑपरेशन कोणत्या प्रकारचं होतं तो कागद जपून ठेवा, त्याची झेरॉक्स घरात असू द्या.

साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील आणि खाणं कमी केलं तर गोळ्यांचं प्रमाणही बदलावं लागतं. ते डॉक्टर ठरवतील, आपण नाही.

लगेच दवाखाना गाठायचा अशा खुणा : वारंवार उलट्या होऊन काहीच न टिकणं, पोटात अचानक जोराची कळ, काळी शौच किंवा रक्ताची उलटी, बेशुद्धी, हातापायांना मुंग्या येऊन तोल जाणं. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की वजनाचं ऑपरेशन झालेलं आहे.

यांपासून सावध

अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून स्वतःहून घेऊ नका. बायपासच्या पिशवीत त्यानं जखम होऊ शकते. तंबाखू, मिश्री, बिडी यांनीही तेच होतं. दारू ऑपरेशननंतर फार लवकर चढते, आणि व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो. घरातल्या पुरुषांनी हे विशेष लक्षात ठेवावं, आणि बायांनी मिश्री.

आपलं गाव हळदीचं. भाजीत हळद हवीच, पण हळदीचं पाणी पिऊन चरबी वितळत नाही. हळदीच्या अर्काच्या जास्त ताकदीच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याचंही दिसलं आहे. "दहा दिवसांत दहा किलो" म्हणणारी पावडर, पट्टा, चहा यांवर पैसे घालण्यापेक्षा अंडी आणा. २०२५ पासून वजन कमी करण्याची टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं भारतात मिळू लागली आहेत. ती काहींना उपयोगी पडतात, पण डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय घ्यायची नाहीत.

घरी करायचा अभ्यास

१. तीन दिवस तोंडात जाईल ते सगळं वहीत लिहा, चहासकट. लिहिताना लाजू नका, वही आपलीच आहे.

२. आपल्या घरात दिवसाला चहातून किती चमचे साखर जाते ते मोजा. एका चमच्याला २० कॅलरी धरून बेरीज करा.

३. आपल्या ताटात ६० ग्रॅम प्रथिनं भरतात का, वरच्या यादीवरून पाहा. कमी पडत असतील तर कोणती स्वस्त वस्तू वाढवता येईल?

४. तुमच्या घरात आठवण देणारं माणूस कोण? आज त्याच्याशी बोला. काय म्हणायचं आणि काय म्हणायचं नाही, ते दोघांनी मिळून ठरवा.

५. शेवटची रक्ततपासणी कधी झाली? वर्ष उलटलं असेल तर येत्या आठवड्याचा एक दिवस ठरवा.

मागच्या रविवारी विहारात पुन्हा चहा झाला. ताईंनी बिनसाखरेचा कप मागितला आणि मान वर ठेवून तो प्यायला. तीच शेजारीण जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "ताई, ती वही मला बी दाखवा की. माझी बी साखर वाढलीया."

जयभीम.